वारा असताना हॉट एअर बलून उडवायचा की बॅगेतच ठेवायचा? नागपुरातल्या ग्राउंड क्रूच्या पोट्ट्यांसाठी सगळी पद्धत

आमच्या घरचा धंदा मंडप-डेकोरेशनचा, त्यामुळे कपडा, दोर आणि वारा या तिघांची भांडणं मी लहानपणापासून बघून राहिलो. बलूनच्या क्रूमधे आलो ते पण मंडपामुळेच, एका लॉनवर आमचा मंडप होता, बाजूला बलूनवाले होते आणि त्यांना दोर धरायला चार माणसं कमी पडत होती, मी म्हटलं आपल्याला दोर धरता येते, बस. मग कळलं की मंडपाची दोर आणि बलूनची दोर यांत फरक आहे, मंडप उडाला तर मंडप जातो, बलून उडाला तर माणूस सोबत जातो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्याच्यातूनच येतं. हवेत गेलेल्या बलूनला वारा लागतच नाही. तो वाऱ्यासोबतच वाहत असतो, वारा ताशी २० किलोमीटर असेल तर बलून पण २०, त्यामुळे बास्केटमधे उभ्या माणसाच्या केसाची बट पण हलत नाही. वारा लागतो तो जमिनीला धरून ठेवलेल्या बलूनला. म्हणजे कपडा उलगडल्यापासून क्विक रिलीज (बलूनला गाडीशी बांधणाऱ्या दोरीचा झटक्यात सुटणारा हुक) सुटेपर्यंतची जी वीस-पंचवीस मिनिटं आहेत ती, आणि उतरतानाची दोन मिनिटं, वाऱ्याची खरी मारामारी एवढ्यातच असते. लोक उलटंच समजतात, वर गेला की धोका आणि खाली बांधला की सेफ. लग्नाच्या लॉनवाले आणि कॉलेजच्या गॅदरिंगवाले तर हमखास म्हणतात, "भाऊ, उडवू नका, नुसता बांधून ठेवा, वारा आहे ना." अरे बावा, वारा आहे म्हणूनच तर बांधायचा नाही! त्याच्याबद्दल पुढे लिहितोच.

आणि हे वाचून कोणी पायलट होत नाही. बलून हे कायद्याने विमानच आहे, त्याला विमानासारखा व्हीटी ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, पायलटला डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचं, लायसन्स लागते आणि वाऱ्याची मर्यादा त्या-त्या बलूनच्या फ्लाइट मॅन्युअलमधे लिहिलेली असते. हे लिहिलंय ते क्रूसाठी, कार्यक्रम ठेवणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना पैसे देऊन बसायचं आहे त्यांच्यासाठी पण, कारण कधी नाही म्हणायचं ते बसणाऱ्याला पण माहीत पाहिजे.

आकडे कसे वाचायचे

बलूनवाले वारा नॉटमधे मोजतात, १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. प्रवासी घेऊन उडवणारे बहुतेक जण जमिनीवरचा वारा ८ ते १० नॉटच्या वर गेला की थांबतात, म्हणजे ताशी १५ ते १८ किलोमीटर. मॅन्युअलमधला आकडा याच्यापेक्षा जास्त असू शकतो पण तो बलूनची शेवटची हद्द असते, रोजच्या कामाचा आकडा नाही. तुम्ही म्हणाल ताशी १८ म्हणजे काय, आमची स्कूटी पण त्याच्यापेक्षा जोरात जाते. पण हिशोब बघा. साधारण १८ मीटर रुंदीचा बलून उभा आहे असं धरा, तर ताशी १० च्या वाऱ्यात त्याच्यावर अंदाजे ६० किलोची ओढ येते. ताशी २० झाला तर १२० नाही, २४०. ताशी ३० ला ५४० च्या आसपास. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे ज्याने वादळात ताडपत्री धरली आहे त्याला कोणी शिकवावं लागत नाही. आणि हा उभ्या गोल बलूनचा हिशोब झाला, आडवा पडलेला, तोंड उघडं असलेला कपडा तर शिडासारखाच वागतो.

म्हणून सरासरी वारा बघून खुश होऊ नका, झोत बघा. सरासरी ५ नॉट आणि मधूनच १२ चा झोत येत असेल तर तुमच्यासाठी वारा १२ चाच आहे. मी तर सरासरी पण ५ नॉट आणि झोत पण ५ नॉट अशा स्थिर वाऱ्याला एकदम शांत पण मधेच झटका देणाऱ्या सकाळीपेक्षा बरं समजतो.

आदल्या दिवशी

आपल्याकडे बलूनचा सीझन म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ म्हणजे सूर्य उगवायच्या आसपास. याचं कारण असं, की रात्री जमीन थंड होते, तिच्यावरची हवा पण थंड आणि जड होऊन खाली बसते, त्यामुळे वरचा जोराचा वारा खाली पोचत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, की ही थंड हवेची गादी तुटते आणि वरचा वारा खाली येते. हिवाळ्यात नागपुरात सूर्योदय साडेसहा ते सातच्या मधे, मग साडेआठ-नऊ वाजले की झाडाची पानं वेगळीच हलायला लागतात, ते याच्यामुळेच.

आता याच्यातून पहिला धडा. आदल्या संध्याकाळी फक्त जमिनीवरचा वारा बघू नका, १०००, २००० आणि ३००० फुटांवरचा पण बघा, विंडी ॲपवर दिसते. खाली ३ नॉट आणि हजार फुटांवर २५ असेल तर ती सकाळ फसवी आहे, उडताना सगळं मस्त दिसते आणि तासाभराने उतरायच्या टायमाला तेच २५ खाली यायला लागलेले असतात. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र विमानतळाजवळच्या आपल्या सोनेगावलाच आहे, त्यांचा अंदाज बघा, नागपूर विमानतळाचा मेटार, म्हणजे तिथल्या ताज्या हवामानाचा रिपोर्ट बघा. मेटारमधे वाऱ्याचे आधीचे तीन आकडे दिशा सांगतात आणि नंतरचे दोन वेग, ०६००४ लिहिलं असेल तर वारा साठ अंशाकडून म्हणजे ईशान्य-पूर्वेकडून *येऊन* राहिला, ४ नॉटने. कुठे चालला ते नाही, कुठून येते ते. नवीन पोरं इथे हमखास उलटं करतात आणि चेस गाडी (बलूनच्या मागे जमिनीवरून जाणारी) रामटेककडे लावतात, बलून जातो वर्ध्याकडे.

उन्हाळ्याबद्दल लोक फार विचारतात. मे महिन्यात दुपारी नागपुरात जी वावटळ उठते, कागद-कचरा गोल-गोल घेऊन जाणारी, ती बलूनच्या कपड्यावर आली तर काय होईल त्याचा विचार करा. त्याशिवाय गरमीत बलूनला उचलच कमी मिळते. बलून उडतो तो आतल्या आणि बाहेरच्या तापमानाच्या फरकावर. २२०० घनमीटरचा बलून, आत १०० अंश, बाहेर थंडीतले १५ अंश असतील तर साधारण ५९० किलो उचलतो, बाहेर ४० अंश असतील तर तोच बलून जेमतेम ३८५. कपडा, बास्केट, बर्नर, भरलेले सिलेंडर यांचंच वजन तीनशेच्या पुढे जाते, मग बसवता कोणाला? आणि आतलं तापमान मनाला येईल तेवढं वाढवता येत नाही, नायलॉनचा कपडा आहे, त्याला मर्यादा असते.

अवकाळीचं पण तसंच. गडगडाटी ढग पन्नास-साठ किलोमीटरवर असला तरी त्याच्यातून निघालेला गार वाऱ्याचा लोंढा तुमच्या मैदानावर पोचू शकते. रडारवर जवळपास लाल-पिवळं काही दिसलं तर झोपून राहा.

जागा

नागपूरच्या बाहेर मोकळी जागा म्हटली की न विकलेले लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली रिकामी जमीन. हिंगणा, बेसा, उमरेड रोड, कुठेही जा. पण लेआउटमधे घरं यायच्या आधी विजेचे खांब येतात, तारा ओढलेल्या असतात, आणि पहाटेच्या अंधारात त्या दिसत नाहीत. म्हणून जागा आदल्या दिवशी उजेडात चालून बघायची, गाडीतून नाही.

वाऱ्यासाठी जागा निवडायची ती अशी, की ज्या बाजूने वारा येणार त्या बाजूला झाडांची रांग किंवा उंच काहीतरी आडोसा असावा, आणि ज्या बाजूला बलून जाणार ती बाजू मोकळी. पण आडोशाला एकदम चिकटून पण बसू नका, झाडाच्या मागे वारा गिरक्या घेते, कपडा एकदा इकडे एकदा तिकडे पडते, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे आडोशात सगळं शांत वाटून तुम्ही उडता आणि झाडाच्या शेंड्यावर आल्याबरोबर खरा वारा झपकन लागते. हे पुढे परत येईल, लक्षात ठेवा.

तारांचं तर विचारूच नका. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, पूर्वेला मौदा, अशी तीन थर्मल वीज केंद्रं, आणि तिथून निघालेल्या हाय टेन्शनच्या लाइनी सगळ्या जिल्ह्यात पसरलेल्या. बलूनच्या जीवघेण्या अपघातांत तारेला लागणं हे जगभरात सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे, ३० जुलै २०१६ ला टेक्सासमधे लॉकहार्टजवळ एक बलून तारांना लागला आणि त्यातले सगळे १६ जण गेले. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेला तार असेल तर आपण जागा बदलतो, "वरून निघून जाईन" असं म्हणणाऱ्या भैताडासोबत काम करत नाही.

सोनेगावच्या धावपट्टीच्या पट्ट्यात परवानगीशिवाय काहीच होत नाही, वायुसेनेचा भाग आहे तो वेगळाच. वारा तुम्हाला कुठे नेईल हे तुमच्या हातात नसते, म्हणून नुसती उडायची जागा बाहेर असून भागत नाही, रस्ता पण बाहेरून जाणारा पाहिजे. विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ ला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उडाले, २१,०२७ मीटरचा उंचीचा विक्रम केला, आणि उतरले कुठे तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरकडे. बलूनला यू-टर्न नाही राजेहो.

पहाटे मैदानावर

पोचल्याबरोबर कपडा काढायचा नाही. ही माझ्या हिशोबाने अख्ख्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. कपडा बॅगेत आहे तोपर्यंत रद्द करायला काही लागत नाही, फक्त तोंड उघडून नाही म्हणायचं. कपडा पसरला की वाटते एवढं केलं तर पंखा लावून बघू, पंखा लागला की वाटते भरून तर बघू, आणि बास्केटमधे लोक मोबाइल घेऊन उभे झाले की कोणाचीच हिंमत होत नाही. त्यामुळे निर्णय आधी, सामान नंतर.

निर्णयासाठी आधी छोटा फुगा सोडायचा, त्याला पायबल म्हणतात. पार्टीचा लाल नाहीतर काळा फुगा, हीलियम भरलेला, अंधार असेल तर आत छोटा एलईडी. गाडीवर फुगे विकणाऱ्याकडून भरून आणू नका, त्यांच्याकडे बऱ्याचदा हायड्रोजन असते आणि आपल्याकडे बाजूला गॅसचा बर्नर आहे. फुगा सोडला की नजर काढायची नाही, निदान पाच मिनिटं. सरळ वर गेला आणि मग एकदम तिरपा पळाला, तर ज्या उंचीवर पळाला तिथे वेगळा वारा आहे. दिशा बदलली तर किती वेळाने बदलली ते मोजा. नागपूरच्या पोट्ट्यांना हे शिकवणं फार सोपं आहे, संक्रांतीला गच्चीवर "ओ काट" करणाऱ्या कोणालाही माहीत असते की खाली पतंग उठत नाही पण वर गेली की चक्री हातात थांबत नाही. तीच गोष्ट. (संक्रांतीच्या आठवड्यात संध्याकाळी मात्र आम्ही बलून काढतच नाही, आकाशात मांजाच मांजा असते.)

दुसरं, धूर बघा. शेतात कोणी पऱ्हाटी पेटवली असेल, गावात शेकोटी असेल, त्याचा धूर कुठे चालला आणि कोराडीच्या चिमणीचा धूर कुठे चालला. खालचा धूर सरळ उभा आणि चिमणीचा आडवा कापल्यासारखा पळत असेल तर समजून घ्या की डोक्यावर वारा तयारच बसला आहे. हातातल्या मीटरने वारा मोजायचा तर निदान दहा मिनिटं, आणि मोकळ्यात उभं राहून, गाडीच्या आड नाही. सगळ्यात मोठा जो आकडा दिसला तो खिशात ठेवायचा.

मग क्रूला गोळा करून बोलायचं. कोण क्राउन लाइनवर (बलूनच्या शेंड्याला बांधलेली लांब दोर), कोण कपड्याच्या तोंडाला, कोण पंख्याला, क्विक रिलीज कोण ओढणार (हे काम पायलटचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही). आणि शब्द ठरवायचे. हे मी स्वतः बघितलेलं सांगतो. एका कार्यक्रमात बलून उभा होत होता, झोत आला, आणि पायलट ओरडला "सोडा!" त्याला म्हणायचं होतं की क्राउन लाइन हळूहळू सोडत आत या. क्राउनवाल्याने दोर टाकूनच दिली, बास्केटला धरलेल्या दोघांनी हात सोडले, आणि एक जण तर गाडीची दोर सोडायला धावला. कपडा झोपला तो सरळ बर्नरच्या तोंडावर, खालचे तीन पॅनल जळाले, कोणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून आमच्याकडे "सोडा" हा शब्दच बंद. "हात ठेवा", "हात वर", "दोर ढिली", "बंद करा", एवढे चार शब्द, आणि "बंद करा" कोणीही म्हणू शकते, सगळ्यात नवीन पोट्टा पण. बाकी शब्द फक्त पायलटचे.

बांधणं आणि मांडणं

बास्केट आडवी, तिचा तळ वारा येते त्या बाजूला, बर्नर आणि कपडा वारा जाते त्या बाजूला. बास्केटच्या मागे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला, गाडी. हलकी कार नको, बोलेरो पिकअप किंवा ४०७ सारखं वजनदार काहीतरी. हँडब्रेक, पहिला गिअर, चाकाला विटा नाहीतर लाकडाचे ठोकळे, आणि चावी काढून क्रू चीफच्या खिशात. चावी काढायचं कारण हसण्यासारखं आहे पण खरं आहे, बलून बांधलेला असताना कोणीतरी गाडी "थोडी बाजूला" घ्यायला जाते.

दोर बंपरला बांधू नका, चेसिसच्या टो-हुकला बांधा. दुसरं टोक क्विक रिलीजला, आणि ते मॅन्युअलमधे दाखवलेल्या जागीच, वेताच्या विणीला कुठेतरी अडकवून नाही. मंडपाची सुतळी, जुनी दोर, गाठ मारून लांब केलेली दोर, हे इथे चालत नाही, मला मान्य आहे की आमच्या धंद्यात सगळं चालते. बांधल्यावर क्विक रिलीज एकदा ताण देऊन सोडून बघा. ताणलेली दोर सुटते तेव्हा चाबकासारखी येते, म्हणून गाडी आणि बास्केटच्या मधल्या पट्ट्यात कोणीच उभं राहायचं नाही, दोर ओलांडायची नाही, फोटोवाल्यांना तर आधीच हाकला.

कपडे सुती, पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. ट्रॅकसूट आणि चप्पल घालून आलेल्याला नाश्त्याची जबाबदारी द्या.

थंड हवा भरताना

वारा असेल तर कपडा पूर्ण रुंद पसरू नका. लांब गुंडाळीसारखा ठेवा आणि पंख्याने हवा आत जाईल तसा बाजूने थोडा-थोडा उलगडा, म्हणजे वाऱ्याला पकडायला जागा कमी मिळते. तोंडाला दोन माणसं, दोघांनी कपडा उचलून धरायचा, पायाखाली दोर नाही याची खात्री करून. वरच्या टोकाचा पॅराशूट व्हेंट (गरम हवा सोडायचं झाकण) बसवून त्याच्या वेल्क्रो पट्ट्या लावलेल्या आहेत का ते पायलटने स्वतः बघायचं. पंख्याजवळ ओढणी, मफलर, मोकळे केस, काही नको.

क्राउन लाइनवर वजनदार माणूस, वारा असेल तर दोन. काम सरळ आहे, बलून डोलू द्यायचा नाही आणि घाईने उभा होऊ द्यायचा नाही. दोर हाताला, मनगटाला, कमरेला गुंडाळायची नाही. कधीच नाही. हातातून निसटली तर निसटू द्या, गुंडाळलेली असेल तर तीच तुम्हाला घेऊन जाईल.

इथे घाई करणारे लोक अर्धा भरला की ज्योत मारतात. वाऱ्यात ते सगळ्यात वाईट. कपडा थंड हवेने चांगला टम्म झाला पाहिजे, भिंती ताणल्या गेल्या पाहिजेत, तोंड गोल उघडं पाहिजे. कपडा फडफडून राहिला किंवा एका बाजूने आत दबून राहिला तर ज्योत आणि कपडा यांची भेट होणारच. पाच मिनिटं पंखा चालवून पण कपडा स्थिर होत नसेल, दोन्ही तोंडवाले ओढले जात असतील, तर थांबा. इथेच थांबा. यानंतर थांबणं महाग पडते.

ज्योत आणि उभं करणं

ज्योत छोट्या-छोट्या झटक्यांत, मधोमध. बलून उठायला लागला की क्राउनवाल्याने वजन टाकून हळूहळू चालत आत यायचं, बास्केट सरळ झाली की बाकीच्यांनी हात ठेवायचे, म्हणजे काठावर वजन टाकायचं. पाय जमिनीवर. काठावर लटकायचं नाही, पायरीवर चढायचं नाही. उभ्या बलूनच्या आत अडीच-तीन टन हवा असते, ती हलायला लागली की सहा माणसं तिला धरून ठेवतात हा फक्त आपला गैरसमज असते.

वारा वाढला तर वाऱ्याच्या बाजूने कपड्याला खड्डा पडतो, हवा तोंडातून बाहेर सांडते, बलून गाडीच्या दोरीवर ताणून झोपायला बघतो. एखादा झोत असेल तर पायलट ज्योत देऊन सांभाळतो. पण खड्डा परत-परत पडून राहिला, बास्केट उचलून आपटून राहिली, तर "बंद करा". म्हणजे बर्नर बंद, व्हेंटची दोर पूर्ण ओढायची, पायलट लाइट बंद, सिलेंडरचे व्हॉल्व्ह बंद, नळीतला गॅस संपवायचा. क्रूने झोपणाऱ्या कपड्याच्या खाली जायचं नाही, बाजूने यायचं. प्रवासी तोपर्यंत बसवलेलेच नसावेत, त्यांना वाऱ्यात शेवटीच बोलवायचं.

फसवी उचल

आता ती गोष्ट जी भल्याभल्यांना फसवते. पावसाळ्याच्या आधीच्या वादळात टिनाचं छप्पर का उडते? वारा खालून ढकलते म्हणून नाही फक्त, वरून जोरात वाहणारा वारा छपराला वर ओढते म्हणून. बांधलेल्या बलूनच्या डोक्यावरून वारा जाते तेव्हा हेच होते. बलूनला उचल मिळते, बास्केट हलकी होते, सगळ्यांना वाटते झाला तयार. क्विक रिलीज सुटला की बलून उठतो, काही सेकंदांत तो वाऱ्याच्या वेगाने चालायला लागतो, आणि आता त्याच्यावरून वारा जातच नाही, मग ती फुकटची उचल गायब. बलून खाली बसतो, आणि तोपर्यंत तो वाऱ्याच्या दिशेला शंभर-दीडशे मीटर पुढे, झाडाच्या किंवा तारेच्या तोंडावर असतो. झाडांच्या आडोशातून वर निघताना पण हेच, शेंड्याच्या वर डोकं निघालं की फसवी उचल, मग बसका.

यावर पायलटचा उपाय म्हणजे जरुरीपेक्षा जास्त गरम करून निघणं आणि निघाल्यावर पण ज्योत चालू ठेवणं. क्रूचा उपाय म्हणजे बास्केट हलकी झाली म्हणून स्वतःहून हात काढायचा नाही, आणि "हात वर" म्हटल्यावर एका क्षणात सगळ्यांनी काढायचा. एकाने पकडून ठेवलं तर बास्केट तिरपी निघते. आणि तुमचे पाय जमिनीवरून एक इंच पण उचलले गेले तर लगेच सोडा, एक इंचावरून पडलं तर काही होत नाही. पुढच्या दोन सेकंदांत ते तीन मीटर होते आणि मग माणूस सोडायला घाबरतो.

बांधलेला बलून

आता लॉनवाल्यांसाठी. दोरीने बांधून वर-खाली करायचा बलून, ज्याला टेदर म्हणतात, तो कधीच वाऱ्यासोबत जाऊ शकत नाही, म्हणजे जमिनीवरची ती वीस मिनिटांची मारामारी इथे दोन तास चालते. म्हणून टेदरला उडण्यापेक्षा कमी वारा लागतो, आम्ही ५ नॉटच्या वर लोकांना बसवत नाही. तीन दोर, तीन जड गाड्या त्रिकोणात, दोन वाऱ्याच्या तोंडाला आणि एक मागे. दोर बास्केटच्या विणीला नाही, वर बर्नरच्या फ्रेमजवळ जिथे कपड्याच्या केबल येतात तिथल्या ठरलेल्या हुकांना. चारही बाजूंनी दोरीचं कुंपण, कारण लग्नातली लहान पोरं दोरीला झोका समजतात. आणि संध्याकाळी ऊन असताना, डीजे चालू असताना, साडेचारला कोणी सांगितलं "आता करून टाका ना दादा, पाहुणे आले", तर सूर्य खाली जाईपर्यंत थांबायला सांगा. पैसे कापतील. कापू द्या.

निघाल्यावर आणि उतरताना

प्रवाशांना उतरण्याची पोझिशन *उडायच्या आधी* शिकवा, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. पाठ किंवा कूस जाण्याच्या दिशेला (पायलट सांगेल तशी), गुडघे थोडे वाकवलेले, आतल्या दोरीच्या मुठी धरलेल्या, गॅसच्या नळ्या नाही, मोबाइल खिशात. वारा असेल तर बास्केट आडवी होऊन कापसाच्या शेतातून धुरा ओलांडेपर्यंत घसरत जाऊ शकते, ते नॉर्मल आहे, ओरडायला हरकत नाही. पण बाहेर उडी मारायची नाही. एक माणूस उतरला की ७० किलो कमी, बलून परत वर. २६ फेब्रुवारी २०१३ ला इजिप्तमधे लक्सरला उतरताना आग लागली, पायलट आणि एक प्रवासी बाहेर पडले, बलून हलका होऊन वर गेला आणि १९ जण वारले. २१ जून २०२५ ला ब्राझीलमधे प्राया ग्रांदेला पण असंच, जमिनीजवळ आल्यावर १३ जणांनी उड्या मारल्या, बाकीचे ८ वर गेले ते वाचले नाहीत. आग लागली तर माणूस उडी मारेलच, त्याला दोष देता येत नाही, पण साध्या घसरणीत कोणी उतरायचं नाही, पायलट नावाने सांगेल तेव्हाच.

तार समोर आली आणि वर जायला वेळ नाही, तर गॅस बंद करून, व्हेंट उघडून खाली बसायचं, बास्केट तारेला लागण्यापेक्षा कपडा लागलेला बरा. तारेत अडकलेल्या बलूनला किंवा त्याच्या लोंबणाऱ्या दोरीला चेसवाल्यांनी हात लावायचा नाही, महावितरणला फोन करून लाइन बंद झाल्याचं पक्कं होईपर्यंत कोणालाच जवळ जाऊ द्यायचं नाही.

शेतात उतरलात तर गाडी आत घालायच्या आधी शेतकऱ्याला भेटा. तुरीच्या नाहीतर संत्र्याच्या बागेत गाडी घातली आणि मग रामराम केला, तर पुढच्या वर्षी त्या गावात कोणी उतरू देणार नाही. जे तुडवलं त्याचे पैसे तिथेच द्या.

रद्द झालेल्या दिवसाचं पण सांगतो, कारण असे दिवस कमी नसतात. पंखा लावेपर्यंत गेला असाल तर कपडा दवाने ओला झालेला असते, तसाच बॅगेत कोंबून गोडाऊनला टाकला तर बुरशी धरते. आम्ही मंडपाच्या गोडाऊनमधे बांबूवर टांगून वाळवतो, दोन दिवस लागतात. प्रवाशांना तर्री पोहे खाऊ घालतो आणि पुढची तारीख देतो. त्यांच्यातला एखादा नऊ वाजता झाडाकडे बघून म्हणतोच, "हाव बे, वारा तर आहे."